चादरींच्या गल्लीतले दगडफूल

मित्रांनो, आधी एक गैरसमज दूर करते. मी डाग नाही. मी रंगाचा ओघळ नाही, भिंतीला आलेला पोपडा नाही आणि पक्ष्यांची घाण तर मुळीच नाही. मी दगडफूल आहे. ज्या भिंतीवर मी बसले आहे, ती बांधणाऱ्या गवंड्याच्या पणजोबांहूनही मी जुने आहे. तेव्हा जरा मानाने बघा.

नावात फूल असले तरी मला पाकळ्या नाहीत, देठ नाही, मूळही नाही. कोरडे असताना मी राखाडी दिसते आणि ओल लागली की बघता बघता हिरवे होते. खरे तर ‘मी’ म्हणणेही थोडे धाडसाचेच, कारण माझ्या आत दोघांचा संसार आहे. एक बुरशी आणि एक शेवाळ. बुरशीने घर बांधले, छप्पर घातले, दगड घट्ट धरून ठेवला. शेवाळ स्वयंपाक करते, तोही नुसत्या उजेडावर. अंगात ओल असेल आणि वर उजेड असेल, तरच त्याची चूल पेटते. हवा कोरडी पडली की दोघेही जिथल्या तिथे झोपी जातात. पुन्हा ओल आली की आधी बुरशी उठते, आणि उठल्या उठल्या तिला भूक लागते. स्वयंपाक व्हायच्या आधीच ती डबे उघडून बसते. आता प्रत्येक घरात असे एखादे माणूस असतेच, त्याला काय करणार? पण ही भूक आणि ही चूल ध्यानात ठेवा, कारण पुढे माझा जीव त्यांच्यावरच टांगणीला लागला होता.

माझा जन्म डोंगरावरचा. त्या काळी तिथे रोज पहाटे धुके उतरायचे. आम्ही भावंडे कातळावर पसरून ते अंगावर घ्यायचो, सूर्य वर येईपर्यंत पोटभर जेवायचो आणि दुपारी ताणून द्यायचो. वाढायची घाई कुणालाच नव्हती. तुमचे नख महिन्याभरात जेवढे वाढते, तेवढे वाढायला आम्हाला काही वर्षे लागतात. कासवसुद्धा आम्हाला उतावळे वाटते.

मग एकदा डोंगरावर छिन्नी-हातोडे वाजले आणि माझा दगड माझ्यासकट गाडीत चढला. मला वाटले, संपले सगळे. पण तो दगड ज्या गवंड्याच्या हाती पडला, त्याची कामाची एक रीत होती. दगड डोंगरात जसा निजलेला असेल तसाच तो भिंतीत निजवायचा, आणि त्याने ज्या तोंडाने ऊनपाऊस सोसला ते तोंड बाहेर ठेवायचे. त्याच्या जोडीदाराने मला आतल्या बाजूला फिरवायला घेतले, तर तो खेकसलाच. “अरे, पाहुण्याला भिंतीकडे तोंड करून बसवतात का? फिरव त्याला!” त्या एका खेकसण्यामुळे मला आज उजेड दिसतो आहे.

ती भिंत इस्पितळाच्या मागच्या अंगाला होती. समोर इस्पितळाची लाँड्री आणि मध्ये चिंचोळी गल्ली, दोन टोपल्या शेजारी शेजारी जेमतेम जातील एवढीच. लाँड्रीत दिवसभर चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट यांचे डोंगर यायचे आणि पांढरेशुभ्र होऊन, खळ लावून, घड्या घालून परत जायचे. माझ्या बरोबर समोर लाँड्रीच्या भिंतीत एक भोक होते आणि त्यावर पत्र्याची टोपी होती. उजाडायच्या जरा आधी बॉयलर सांभाळणारे काका पेटलेल्या बॉयलरची पहिली वाफ त्या टोपीतून गल्लीत सोडायचे. गल्ली भरून जायची. मी तिच्याकडे कधी फारसे लक्ष दिले नाही.

वर्षे गेली तसे डोंगरावरचे धुके उशिरा यायला लागले, मग अधूनमधून, मग पाहुण्यासारखे वर्षातून चार दिवस. पूर्वी डोंगरावरून वारा आला की त्याला ओला वास असायचा. आता नुसती धूळ यायची. वर कातळावर माझी भावंडे एकेक करून पांढरी पडली आणि सालपटासारखी गळून गेली. मी मात्र टिकले होते. मला वाटे, मीच मोठे चिवट आणि ती सगळी नाजूक. मोठेपणा मिरवायला अक्कल लागत नाही, मित्रांनो.

त्या लाँड्रीच्या मुख्य होत्या कडकबाई. खरे नाव कुणी घेतच नसे. त्यांची इस्त्री कडक, शिस्त कडक आणि बोलणे त्याहून कडक. उभा जन्म त्यांनी डाग काढण्यात घालवला होता. रक्ताचा डाग, औषधाचा डाग, शाईचा डाग, एकही त्यांच्या हातून सुटलेला नव्हता. आणि मी तर रोज त्यांच्या नाकासमोर. एका सकाळी त्या तारेचा ब्रश घेऊन आल्याच, बाह्या वर सारल्या आणि पहिला फराटा मारला. माझी एक कड उडाली.

“मावशी! थांब! हात लावू नकोस त्याला!”

गल्लीच्या तोंडाशी त्यांची भाची उभी होती, मावशीला भेटायला आलेली. ती झाडपाल्याचा अभ्यास करायची, आणि गळ्यात कायम भिंग लटकवून फिरायची.

“केवढ्यानं ओरडलीस गं! डाग काढतेय.”

“तो डाग नाही, मावशी. ते जिवंत आहे.”

“मला डाग ओळखायला शिकवतेस? मला?”

पण भाची ऐकत नव्हती. तिने भिंग डोळ्याला लावले, नाक माझ्यावर टेकवले आणि माझी कड न् कड न्याहाळली. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. “अख्खा डोंगर पालथा घातला मी याच्यासाठी. सगळीकडे नुसती मेलेली सालपटं मिळाली. आणि हे तुझ्या दारात बसलंय! या जातीतलं बहुतेक एवढंच राहिलंय, मावशी. हे गेलं की संपलं.”

कडकबाईंनी हळूच ब्रश पाठीमागे लपवला. मग त्यांनी भिंग मागून घेतले आणि एक डोळा मिटून माझ्यात डोकावल्या. “अगं बाई! याच्यात तर वाट्या मांडल्यात! इवल्या इवल्या, काठासकट!” त्या माझ्या बीज धरणाऱ्या वाट्या होत्या. इतकी वर्षे त्या कुणी पाहिल्या नव्हत्या. मला फार बरे वाटले, उगाच खोटे कशाला बोलू?

मग माझे दिवस पालटले. मोठमोठी विद्वान मंडळी त्या गल्लीत तिरकी होऊन शिरली. एका गृहस्थांनी माझ्यासमोर गुडघे टेकले आणि मग त्यांना उठवायला दोघे लागले. त्यांनी मला एक लांबलचक नाव दिले, ते मला अजून उच्चारता येत नाही. कडकबाई तर येईल त्याला सांगायच्या, “आमचं दगडफूल. बाहेर कुठंही मिळायचं नाही.” जसे काही त्यांनीच विणून भिंतीला लावले होते.

कौतुकाचे दिवस सरायला वेळ लागत नाही. लाँड्रीत नवी यंत्रे आली. ती आतल्या आत कपडे धुवायची, आतल्या आत वाळवायची आणि बाहेर वाफेचा टिपूसही सोडायची नाहीत. बॉयलर थंड पडला, त्याचे पाइप कापून नेले आणि काकांना किल्ल्या सांभाळायचे काम दिले. नेमका त्याच वर्षी पाऊस रुसला. उन्हाळा लवकर आला आणि जायचे नावच घेईना. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. माझ्या कडा वळल्या, अंग ठिसूळ झाले, रंग राखेचा झाला. आता मला कळले की इतकी वर्षे मी माझ्या चिवटपणावर नाही, तर काकांच्या वाफेवर जगत होते.

भाची तेव्हा दूरच्या डोंगररांगांत माझे कुणी नातेवाईक सापडतात का, ते शोधत होती. कडकबाईंनी घाबरून तिला फोन लावला. “अगं, ते पार कडक झालंय. हात लावला तर मोडेल.” भाची म्हणाली, “मावशी, मी येईपर्यंत त्याला ओलं ठेव. कसंही करून ओलं ठेव.”

आता लाँड्रीतल्या माणसाला ‘कडक झालंय, ओलं ठेव’ असे सांगितले, तर तो काय करेल? भिजत घालेल! लाँड्रीचा पहिला धडाच तो. काहीही वाळून बसले की आधी भिजत घाला, निदान रात्रभर. कडकबाईंनी एक जाड सुती चादर दुहेरी केली, बादलीत बुडवली आणि संध्याकाळी जाताना माझ्या अंगावर अशी लपेटली की वाऱ्यालाही वाट राहू नये. वर म्हणाल्या, “झोप आता शांत.”

मित्रांनो, प्रेमाने एवढे हाल कुणी कुणाचे केले नसतील. उकाडा असह्य, अंगावर चिंब ओझे आणि उजेडाचा पत्ता नाही. बुरशी जागी झाली आणि भुकेने कासावीस झाली. शेवाळही उठून बसले, पण उजेडाशिवाय चूल पेटणार कशी? घरात होते नव्हते ते सगळे रात्रभरात खाऊन संपले. सकाळी कामे आटोपून कडकबाई चादर काढायला येत, तोवर ऊन तापलेले असे. दोन घास शिजायच्या आत आम्ही पुन्हा खडखडीत. रात्री पुन्हा तीच चादर, पुन्हा तोच उपास. अति तिथे माती, ती अशी. आणि बाई रोज माझी विचारपूस करायच्या, माझ्याशी कधी नव्हे ते गोड बोलायच्या. मला ओरडता आले असते तर मी त्या चादरीसकट ओरडले असते.

भाची परतली ती धावतच गल्लीत आली. चादर उचलली आणि तिच्या तोंडचे पाणीच पळाले. माझ्या मधोमध पांढरा ठिपका पडला होता. चादरीबरोबर माझा एक तुकडा निघून आला.

“मावशी, हे कधीपासून करतेयस?”

“तू सांगितलंस तेव्हापासून. रोज. एकही दिवस चुकवला नाही,” कडकबाई अभिमानाने म्हणाल्या. मग भाचीचा चेहरा पाहून त्यांचा आवाज खाली आला. “काय झालं गं?”

भाची उलट्या टोपलीवर मटकन बसली. तिने मावशीला माझ्या भुकेची आणि चुलीची गोष्ट सांगितली. “चूक माझीच आहे. ओलं ठेव म्हटलं, पण कधी आणि किती ते सांगितलंच नाही.”

“म्हणजे मीच मारलं त्याला?” कडकबाईंचा पदर डोळ्यांकडे गेला. लाँड्रीतल्या बायका दारात गोळा झाल्या होत्या. त्यांनी बाईंना रडताना आजवर पाहिले नव्हते, त्यामुळे कुठे बघावे तेच त्यांना कळेना.

“अजून मेलं नाही. कडेला जीव आहे थोडा. पण मला एक कळत नाही, मावशी. डोंगरावर सगळी मेली, मग हे इतकी वर्षं जगलं कशावर?”

“वाफेवर,” मागून आवाज आला. बॉयलरकाका किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभे होते. त्यांनी समोरच्या पत्र्याच्या टोपीकडे बोट दाखवले. “उजाडायच्या आधी पहिली वाफ मी इथंच सोडायचो. चष्म्यावर धुकं धरायचं, काही दिसायचं नाही मला. ऊन वर आलं की हळूहळू सगळं कोरडं व्हायचं.”

भाची ताडकन उठली. “पहाटे, गार हवेत, आणि लगेच उजेड! तेच हवंय त्याला. पाणी अंगावर ओतायचं नाही, हवेतूनच पिऊ द्यायचं.”

“मग असं सांग ना,” कडकबाईंनी डोळे पुसले. “त्याला आंघोळ नको, इस्त्रीआधीचा दमटपणा हवा. कपडा चिंब असला तर इस्त्री फिरत नाही, कोरडा असला तर सुरकुती जात नाही.”

“पण आता वाफ कुठून आणणार? बॉयलर तर गेला.”

कडकबाईंनी गल्लीकडे एकदा नजर फिरवली, वर दोन्ही भिंतींतल्या जुन्या खुंट्यांकडे पाहिले आणि म्हणाल्या, “गल्ली ओली करायची ना? चादरी वाळत घालू. चादरी वाळतील, गल्ली ओली होईल. याच्या अंगाला कापड टेकणारसुद्धा नाही.”

भाचीने मावशीला मिठी मारली ती इतकी जोरात, की बाईंची इस्त्री पार बिघडली.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू व्हायच्या आधी लाँड्रीतल्या बायका जांभया देत हजर. फाटलेल्या, बाद झालेल्या चादरी त्यांनी टाकीत साठवून ठेवलेल्या आदल्या वर्षीच्या पावसाच्या पाण्यात बुडवल्या, कारण भाचीच्या मते औषध टाकलेले नळाचे पाणी मला झोंबले असते. दोऱ्या बांधल्या, चादरी पिळून माझ्यासमोर रांगेने टांगल्या. एकमेकींच्या अंगावर पाणी उडवून झाले, हसून झाले. एक म्हणाली, “माझ्या सासूचीसुद्धा मी इतकी सेवा केली नाही.” दुसरी म्हणाली, “सासू हिरवी झाली असती तर केली असतीस.”

इस्पितळाचे नवे साहेब चौकशीला आले. “एवढी महागाची यंत्रं असताना चादरी बाहेर का वाळवताय?”

“या वाळवायच्या नाहीतच, साहेब.”

“मग?”

कडकबाईंनी माझ्याकडे बोट केले. साहेबांनी चष्मा लावून पाहिले, काढून पाहिले, त्यांना काहीच दिसले नाही. पण कडकबाईंशी वाद घालण्यापेक्षा भिंतीपुढे मान डोलावणे सोपे, हे त्यांना एवढ्या दिवसांत कळले होते. ते “चालू द्या” म्हणून निघून गेले.

पहिले बरेच दिवस काहीच झाले नाही. भाची रोज भिंग लावायची आणि मान हलवून खाली ठेवायची. कडकबाई तिच्या तोंडाकडे बघायच्या आणि पुढची चादर पिळायच्या. आतमध्ये आमचे घर रिकामे पडले होते. बुरशी निपचित, शेवाळातले अर्धेअधिक गेलेले. मी गेले असते तर माझ्याबरोबर माझी सगळी जात गेली असती, आणि ते ओझे घेऊन मरायचीही मला भीती वाटत होती.

मग एक सकाळ आली. चादरींमधून गार, दमट हवा माझ्यावर आली आणि मागोमाग छपरांवरून कोवळा उजेड. बुरशी उठली. मागून शेवाळ उठले, आणि त्या सकाळी ओल आणि उजेड दोन्ही एकदम हाताशी होते. चूल पेटली. पोटभर, अगदी पोटभर शिजले. ऊन वर आले तेव्हा घरात उद्यासाठीसुद्धा शिल्लक होते. कित्येक महिन्यांत असे झाले नव्हते.

“मावशी,” भाची अगदी हळू म्हणाली, “कड हिरवी झालीय.”

त्यानंतर जो गलका झाला तो इस्पितळाच्या वरच्या मजल्यापर्यंत गेला. बायका नाचल्या, काकांनी किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला आणि खिडक्यांतून पेशंट विचारू लागले, कुणाला मूल झाले का म्हणून. कडकबाईंनी हात कमरेवर ठेवून सगळ्यांना सांगितले, “आमचं दगडफूल बरं झालं!” आणि मित्रांनो, खिडक्यांतल्या त्या आजारी माणसांनी टाळ्या वाजवल्या. मला एवढी मोठी दाद पूर्वीच्या कुठल्याही विद्वानाने दिली नव्हती.

पुढच्या हंगामांत माझ्या कडेला फिकट, नवी किनार धरली आणि नव्या वाट्या आल्या. तेव्हा भाचीने माझे कणभर तुकडे काढले आणि ती डोंगरावर गेली. वर एका घळीत झरा अजून वाहता होता, झाडी शाबूत होती, आणि तेवढ्या जागेत पहाटे धुके अजून उतरत होते. तिथल्या कातळावर तिने ते तुकडे जाळीच्या कापडाखाली बसवले. आता तुम्ही म्हणाल, ती तुझी मुले. तर तसे नाही. आमच्यात आईपासून लेक वेगळी काढता येत नाही. तो तुकडा म्हणजे मीच. मी भिंतीवरही आहे आणि घळीतही आहे, म्हणून तर तिथले सांगू शकते. पहिले तुकडे वाऱ्याने नेले, पुढचे गोगलगाईंनी खाल्ले. भाची पुन्हा आली, पुन्हा बसवून गेली. शेवटी मी दगड धरला.

एव्हाना कडकबाई निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांचे गुडघे कुरकुरत होते. तरी त्या डोंगर चढून आल्या. वाटेत चार वेळा “आता मी खालीच जाते” म्हणाल्या आणि चारही वेळा वरच निघाल्या. मी तेव्हा कोरडे आणि राखाडी होते, दगडाहून वेगळे दिसतच नव्हते. भाचीने बोट ठेवले तिथे त्या पालथ्या पडल्या आणि भिंग लावून माझ्यावर वाकल्या. चढून आल्यामुळे त्यांना जोराची धाप लागली होती. तो गरम, ओला श्वास माझ्यावर येत राहिला, आणि त्या ओलीने मी त्यांच्या डोळ्यांदेखत हिरवे झाले.

“जगलं गं!” त्या ओरडल्या. “माझ्यासमोर जगलं!” घळीतून त्यांचा आवाज दोनदा परत आला. मग त्या तशाच पालथ्या राहून हसत होत्या आणि रडतही होत्या, आणि भाची त्यांच्या शेजारी पालथी पडून तेच करत होती.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. कुणी सुकताना दिसले, तर मदतीला जरूर धावा, पण आधी त्याला काय हवे, कधी हवे आणि किती हवे ते शोधा. कडकबाईंच्या चादरी एका गल्लीला पुरल्या. अख्ख्या डोंगराला पुरेल एवढी चादर कुठल्याच लाँड्रीत नाही. तिथे धुकेच लागते, आणि धुके ज्या झाडांवर, झऱ्यांवर आणि गार हवेवर उभे असते ते सगळे तुमच्या हातात आहे. आम्ही आमची बाजू राखली आहे. भिंतीवर मी आहे, घळीत मी आहे आणि आता शेजारच्या कातळावर, जिथे मला कुणीच लावले नव्हते, तिथेही मी उगवले आहे.